माहेरची नाणी

परदेशवारी करून आलेल्या मंडळींच्या घरी एक डबी हमखास असते. कधी ती बिस्किटांची, कधी पेपरमिंटच्या गोळ्यांची. तिच्यात उरलीसुरली परदेशी चिल्लर. फेकवत नाही आणि खर्चताही येत नाही. पाहुण्यांच्या मुलांना दाखवायची, एवढाच तिचा उपयोग. आमच्याकडेही अशी डबी आहे. तिचे मला मोठे कौतुक होते. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत लंडनला ताईकडे गेलो आणि त्या कौतुकाची थोडी लाज वाटू लागली.

ताई दर गुरुवारी एका धर्मादाय दुकानात विनावेतन काम करते. लोक जुने कपडे, पुस्तके, कपबशा आणून देतात. विक्रीचे पैसे सत्कार्याला जातात. तिचे दुकान एका हॉस्पिसचे, म्हणजे ज्यांचा आजार बरा होणारा नाही, अशांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या संस्थेचे. १९६७ साली सिसिली सॉन्डर्स बाईंनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढले, तेव्हापासून हे काम जगभर पसरले. रुग्णाकडून पैसा घेत नाहीत. खर्चाचा मोठा भार देणग्यांवर.

"घरी बसून काय करणार? चल माझ्याबरोबर नाणी निवडायला," ताई म्हणाली. जणू तांदूळच निवडायचे होते!

दुकानामागच्या खोलीत बादलीभर नाणी होती, नाना देशांची.

"अगं, बँकेत का देत नाही?"

"अरे, बँका परदेशी नोटा घेतात, नाणी नाही. निवडा, मोजा आणि एवढे ओझे त्या त्या देशात धाडा! कोणाला परवडणार? ठोक घेणारे व्यापारी आहेत, पण न निवडता दिले तर भाव पडतो."

मी तराजू घेऊन बसलो. युरोचे एक सेंटचे नाणे २.३ ग्रॅमचे. किलोभर जमवा, ४३४ नाणी होतील आणि हाती येतील ४ युरो ३४ सेंट! दोन युरोचे नाणे ८.५ ग्रॅमचे. किलोत ११७ बसतात, म्हणजे २३४ युरो! वजन तेच. निवडणाऱ्या हातांची किंमत मला तेव्हा कळली.

बादलीत आपले रुपयेही निघाले. ते मी खिशात टाकले आणि किमतीहून थोडे जास्त पौंड पेटीत घातले. नाण्याला शेवटी माहेरीच मान!

तेवढ्यात ताईने कपाटातून मुरंब्याची एक बरणी काढली. एका वृद्ध गृहस्थांनी ती दिली होती. त्यांच्या पत्नीचे शेवटचे दिवस त्याच हॉस्पिसमध्ये गेले. दर सहलीत उरलेली नाणी ती बाई या बरणीत टाकी. "याचा काही उपयोग होईल का?" त्यांनी विचारले आणि ताई "हो" म्हणून बसली होती.

बरणी ओतली आणि ताईचा चेहरा उतरला. सारी युरोपूर्वीची नाणी! २००२ साली युरो हाती आला आणि ती व्यवहारातून उठली. इटलीच्या लिरा बदलून घेण्याची सोय २०११ मध्ये संपली, फ्रान्सच्या फ्रँकच्या नाण्यांची तर २००५ मध्येच. पण जर्मनीची मध्यवर्ती बँक मार्कची नाणी आजही मुदतीवाचून बदलून देते, १.९५५८३ मार्काला एक युरो. आम्ही मार्क वेगळे काढले. ८७ भरले. भाचा नोकरीच्या कामाने फ्रँकफुर्टला जातो, त्याच्या हवाली केले. लिरा आणि फ्रँक काचेच्या वाडग्यात घालून गल्ल्याशेजारी ठेवले. कोणतेही नाणे १० पेन्सला!

मी परतल्यावर महिन्याभराने ताईचा फोन आला. मार्कांचे सुमारे ४४ युरो मिळाले. वाडगाही निम्मा रिकामा झाला, बहुतेक शाळकरी मुलांनी केला. ते गृहस्थ चौकशीला आले होते. ताईने पै-पैचा हिशेब सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, वाडग्यातून एक दुरंगी ५०० लिरांचे नाणे निवडले, १० पेन्स मोजले आणि ते नाणे कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

"काही बोलले का गं?"

"नाही रे. मीही विचारलं नाही."

वाचकहो, परदेशातून निघताना खिसा तिथल्याच एखाद्या धर्मादाय पेटीत रिकामा करा. काही विमानांत युनिसेफसाठी पाकीट फिरते. १९८७ पासूनची ही प्रथा आहे. आणि घरातल्या डबीचे काय? त्या देशी जाणारे कोणी शोधा. ताई या दिवाळीला माहेरी येते आहे. आमच्या स्टाफरूममध्ये मी शब्द टाकला आणि ब्रिटिश नाण्यांची एक पिशवी जमली. तिच्यात २०१७ साली चलनातून गेलेले गोल पौंडही आहेत. पण तिकडच्या बँका ते खात्यात जमा करून घेतात.

भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात नेहमीच्या पाकिटाशेजारी ही पिशवी ठेवणार आहे. ताई म्हणेल, "एवढं ओझं?" म्हणू दे!