तडा गुपचूप जात नाही

भोसरी, पिंपरी किंवा चाकणच्या मशीन शॉपमध्ये नवे ग्राइंडिंग व्हील मशीनवर चढवण्यापूर्वी जाणता कारागीर ते दांडीवर लटकवतो आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहतो. माठ घेताना टिचकी मारतात, तसेच. आवाज खणखणीत आला तर व्हील धड. बद्द आला तर ते बाजूला. या ‘रिंग टेस्ट’ला एखादे मिनिट लागते, पण ती टाळणे जिवावर बेतू शकते. व्हीलची कडा अनेकदा सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते. तडा गेलेले व्हील त्या वेगात फुटले तर तुकडे गोळीसारखे सुटतात.

टिचकीला व्हील उत्तर देते. तडा मात्र कोणी न विचारताही बोलतो. कोणत्याही वस्तूवर भार आला की ती किंचित ताणली जाते आणि ताणलेल्या रबराप्रमाणे तिच्यात ऊर्जा साठते. मऊ पोलाद वाकून ती हळूहळू खर्च करते. काच, ओतीव लोखंड, सिरॅमिक यांसारखे ठिसूळ पदार्थ वाकत नाहीत. तडा एकदम पुढे सरकतो. सुटलेल्या ऊर्जेचा काही भाग नवे पृष्ठभाग तयार होण्यात जातो, तर काही लवचिक लहरींच्या रूपाने पदार्थात पसरतो. वाळकी काटकी मोडताना होणारा ‘कट्’ आवाज हाच. खडक तुटून-सरकून अशाच लहरी प्रचंड प्रमाणात सुटल्या की भूकंप होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा हादरा पुण्यापर्यंत जाणवला, तो याच लहरींमुळे.

कारखान्यातल्या बारीक तड्यांचा आवाज मात्र कानाला ऐकू येत नाही. माणूस सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतच ऐकतो; हे आवाज टिपणारे सेन्सर बहुधा एक लाखाच्या पुढे काम करतात. या तंत्राला ‘अकूस्टिक एमिशन’, म्हणजे ध्वनिउत्सर्जन चाचणी म्हणतात. वस्तूवर अनेक सेन्सर बसवतात. लहर कोणत्या सेन्सरपाशी किती आधी पोहोचली, त्यावरून तड्याची जागा काढता येते. सेन्सर नीट ऐकतात का, हे पाहण्याची रीत तर अगदी साधी आहे. यांत्रिक पेन्सिलीचे शिसे वस्तूवर टेकवून मोडायचे! तेही ठिसूळच, त्याचा ‘कट्’ नमुन्याचा आवाज ठरतो.

जर्मन संशोधक योसेफ कायझर यांनी १९५० मध्ये यातली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. एकदा सोसलेला भार पुन्हा दिला तर धातू बहुधा गप्प राहतो. आधीचा उच्चांक ओलांडल्यावरच बोलू लागतो. त्यामुळे दाबाची टाकी जुन्या भारापेक्षा कमी दाबातच कुरकुरू लागली, तर मध्यंतरी तिच्यात काहीतरी बिघडले असावे, असा संशय घेतात. दाब स्थिर ठेवूनही आवाज थांबत नसेल, तर ते थांबण्याचे आणि मागे सरण्याचे लक्षण. आधुनिक ग्राइंडिंग मशीनवरही असे सेन्सर असतात. व्हील कामाच्या तुकड्याला नेमके केव्हा टेकले, हे ते ओळखतात.

या तंत्रालाही मर्यादा आहेत. वाढत नसलेला तडा मुका असतो. शिवाय ढिला बोल्ट, घासणारा पट्टा आणि गळणारा व्हॉल्व्हही गलका करतात. म्हणून संशयाची जागा दुसऱ्या चाचणीने तपासून घ्यावी लागते.

लहान वर्कशॉपमध्ये एवढी यंत्रणा नसते. तिथे रिंग टेस्टच कामी येते. व्हील कोरडे आणि स्वच्छ असावे. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून एक-दोन इंच आत ठोकावे, मग व्हील थोडे फिरवून पुन्हा ठोकावे. रेझिन बाँडचे व्हील धड असूनही तितके खणखणत नाही, हे लक्षात ठेवावे. व्हील चढवल्यावर गार्ड लावून, बाजूला उभे राहून, निदान एक मिनिट ते मोकळे फिरू द्यावे. आवाज बद्द वाटला, तर व्हीलच्या किमतीचा विचार करत बसू नये.