मॅन्डरिन मासा: आधी शिधा, मग पाहुणा
नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये प्रवाळाची खाऱ्या पाण्याची टाकी थाटणाऱ्याने मॅन्डरिन मासा सर्वांत शेवटी आणावा. निळ्या-केशरी नक्षीचा हा बोटभर जीव दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड, म्हणजे ठिपक्याएवढे कवचधारी जीव, टिपत असतो. कोरड्या खाद्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. नव्या टाकीतला कोपेपॉडांचा साठा लवकर आटतो आणि मासा उपाशी खंगतो. टाकीतच पैदास झालेले काही मासे गोठवलेले खाद्य खातात, हे खरे. पण त्यांनाही दिवसातून अनेकदा थोडे थोडे द्यावे लागते. नोकरदार घरात हे कोण करणार? त्यात नागपूरचा उन्हाळा 45 अंशांपलीकडे जातो, टाकीला हवे 25च्या आसपास. म्हणजे पाणी थंड ठेवणारा चिलर आलाच. मासा घेण्याआधी दुकानात त्याला खाताना पाहा. पोट खपाटीला गेलेला मासा घेऊ नका.