आधी बाके, मग गुण

इंग्लंडमधल्या केंट कौंटीत ग्रामर स्कूलच्या, म्हणजे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळांच्या, प्रवेशपरीक्षेत यंदा किती मुले उत्तीर्ण होणार, हे पहिली उत्तरपत्रिका तपासण्याआधीच साधारण ठरलेले असते. कौंटीतल्या त्या वयाच्या मुलांपैकी शंभरातली पंचवीस. त्यातली एकवीस गुणांवर, उरलेली चार मुख्याध्यापकांच्या शिफारशीवर. इंग्रजी, गणित आणि तर्कबुद्धी या तीन भागांचे प्रमाणित गुण 69 ते 141 या पट्टीवर मोजतात. अलीकडच्या काही वर्षांत तिन्हींची बेरीज 332 भरली आणि एखाद्या भागात मूल फारच खाली गेले नाही, तर ते ग्रामर स्कूलसाठी पात्र ठरते. या 332 मध्ये बुद्धिमत्तेचे कसलेही गुपित नाही. बत्तीस ग्रामर शाळांची व्यवस्था कौंटीतल्या चौथा हिस्सा मुलांसाठी आखलेली आहे. तो हिस्सा ज्या गुणांपाशी पुरा होतो, तिथे रेघ ओढली जाते. थोडक्यात हुकलेल्या मुलांच्या वर्गातल्या वह्या एक समिती पाहते. परीक्षेच्या दिवशी मुलांकडून एक छोटे लेखनही करून घेतात. त्याला गुण नसतात, ते अशाच वेळी उघडले जाते.

‘इलेव्हन प्लस’ म्हणून ओळखली जाणारी ही परीक्षा 1944 च्या शिक्षण कायद्यानंतर देशभर रुजली. मुलांची बुद्धी तीन जातींची असते आणि अकराव्या वर्षी ती ओळखता येते, अशी त्यामागची धारणा होती. पुस्तकी बुद्धीच्या मुलांना ग्रामर, यंत्रात रमणाऱ्यांना टेक्निकल आणि बाकीच्यांना सेकंडरी मॉडर्न. टेक्निकल शाळा फारशा उभ्या राहिल्याच नाहीत, त्यामुळे व्यवहारात निवडलेले आणि न निवडलेले असे दोनच ढीग उरले. बुद्धी बहुतांशी जन्मजात असते, हे सांगणारे सिरिल बर्ट हे या विचाराचे मोठे आधारस्तंभ होते. जुळ्या मुलांवरच्या त्यांच्या संशोधनातले आकडे संशयास्पद असल्याचे आरोप त्यांच्या मृत्यूनंतर, 1976 मध्ये जाहीरपणे झाले. तोवर लाखो मुलांच्या वाटा ठरून गेल्या होत्या.

पण खरी मेख मानसशास्त्रात नव्हती, इमारतींत होती. जुन्या ग्रामर शाळा कुठे भरपूर, कुठे मोजक्या. जिथे त्या जास्त, तिथे ‘हुशार’ मुलांचा टक्काही जास्त निघे. शिवाय रेघही अचूक नव्हती. 1957 मध्ये इंग्लंडमधल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन प्रतिष्ठानाचा अभ्यास आला. परीक्षा कितीही काटेकोर घेतली, तरी शंभरातली निदान दहा मुले रेषेच्या चुकीच्या बाजूला पडतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

जागांवरून गुण ठरतात, याचा सर्वांत उघडा पुरावा बर्मिंगहॅममध्ये मिळतो. तिथल्या ग्रामर शाळा मुलांच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या. 1980 च्या दशकात मुलांसाठी वर्षाला सुमारे 540 जागा होत्या, मुलींसाठी 360. म्हणजे एकाच शहरात, एकाच परीक्षेत, मुलापेक्षा जास्त गुण मिळवूनही मुलगी नापास ठरू शकत होती. समान संधी आयोग न्यायालयात गेला. या शाळा इतर शाळांपेक्षा चांगल्या आहेत हे सिद्ध झालेले नाही, मग मुलींचे नुकसान काय झाले, असा नगर परिषदेचा युक्तिवाद होता. (शाळा चालवणाऱ्यांनीच असे म्हणावे, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.) 1989 मध्ये, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. ती संधी पालकांना मोलाची वाटते आणि तसे वाटणे वाजवी आहे, एवढे पुरे. भेदभाव करण्याचा हेतू होता की नव्हता, हे पाहण्याचे कारण नाही, असा निकाल लागला. त्याच सुमारास उत्तर आयर्लंडमध्येही मुलगे आणि मुली यांच्या वेगळ्या याद्या लावून जागा वाटण्याची पद्धत न्यायालयाने बेकायदा ठरवली. मुली त्या वयात सरस ठरतात म्हणून समतोल राखतो, असे सांगत दोघांना वेगळी रेघ लावणे वर्षानुवर्षे चालले होते आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नव्हते.

1964 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून जवळपास 1,300 ग्रामर शाळा होत्या. पुढच्याच वर्षी शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रक काढून सर्वांसाठी एकच शाळा या पद्धतीकडे वळायला सांगितले. पुढे मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना असे रूपांतर धडाक्याने चालू राहिले. त्या स्वतः ग्रँथमच्या ग्रामर स्कूलच्या विद्यार्थिनी होत्या. 1998 च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा उघडायला बंदी घातली. जुनी बंद करायची तर स्थानिक पालकांनी मतदान करावे, अशी तरतूदही केली. असे मतदान एकदाच झाले, 2000 मध्ये रिपन गावी, आणि शाळा टिकली. आज इंग्लंडमध्ये अशा 163 शाळा आहेत. सरकारी माध्यमिक शाळांतल्या मुलांपैकी साधारण पाच टक्के मुले त्यांत शिकतात.

शाळा गोठल्या, मागणी वाढत गेली. त्यामुळे उत्तीर्ण होण्याला आता ठिकठिकाणी वेगळी किंमत आहे. बकिंगहॅमशायरमध्ये तेरा ग्रामर शाळा आहेत आणि कौंटीतल्या सरकारी शाळांतली मुले, पालकांनी नको म्हटले नाही तर, आपोआप परीक्षेला बसवली जातात. तिथे 121 गुणांना पात्रता मिळते, आणि शाळेच्या हद्दीत राहणाऱ्या पात्र मुलाला बहुधा जागाही मिळते. शेजारच्या स्लाउमध्ये चार ग्रामर शाळांची सामायिक परीक्षा, पात्रता 111. पण पात्र मुले जागांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून पुढचा निकाल प्रत्येक शाळेच्या अग्रक्रमाच्या नियमांवर लागतो. हे 121 आणि 111 शेजारी ठेवून स्लाउ सोपे आहे असे समजणारे पालक दर वर्षी निघतात. दोन्ही परीक्षांची मोजपट्टी वेगळी, मुलांचा समूह वेगळा. तुलना होतच नाही. उत्तर लंडनच्या हेन्रिएटा बार्नेटसारख्या मुलींच्या शाळेत तर पात्रतेपेक्षा क्रमांकच महत्त्वाचा असतो.

याच शाळेमुळे एक आकडा मराठी घरांतही फिरतो: शंभरेक जागा, तीन हजार मुली, म्हणजे तिसांत एक. स्लाउ, हॅरो, रेडिंग परिसरातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत या गुणोत्तराने झोप उडवलेली असते. आकडा खोटा नाही, पण फुगलेला आहे. एकच मूल सप्टेंबरात चार-चार ठिकाणी परीक्षा देते आणि चारही ठिकाणच्या गर्दीत मोजले जाते. अर्ज मात्र एकच. त्यावर पसंतीक्रमाने शाळा लिहायच्या, लंडनमध्ये सहापर्यंत. तुम्ही कोणत्या क्रमांकावर लिहिले हे शाळेला कळत नाही, आणि 1 मार्चला तुमच्या यादीतली, तुम्हाला जागा देऊ शकणारी सर्वांत वरची एकच शाळा हाती पडते. बाकीच्या जागा खाली सरकतात, वेटिंग लिस्ट उन्हाळाभर हलत राहते. आपल्याकडच्या अकरावीच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या पाहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग रेषेच्या वर जाते कोण? सटन ट्रस्टने 2013 मध्ये केलेल्या अभ्यासात ग्रामर शाळांत दाखल होणाऱ्यांपैकी मोफत जेवणाला पात्र, म्हणजे गरीब घरची मुले तीन टक्क्यांहून कमी निघाली. ग्रामर शाळा असलेल्या भागांत अशा मुलांचे सरासरी प्रमाण अठरा टक्के होते. उलट दाखल झालेल्यांपैकी जवळजवळ तेरा टक्के मुले सरकारी व्यवस्थेबाहेरून, मुख्यतः फीच्या प्राथमिक शाळांतून आलेली होती. सरकारी प्राथमिक शाळांत या परीक्षेची तयारी सहसा करून घेत नाहीत. ती घरी, क्लासमध्ये, मॉक टेस्ट देऊन होते. शिकवणीला दाद न देणारी म्हणून बकिंगहॅमशायरने 2013 मध्ये डरहॅम विद्यापीठाच्या केंद्राची नवी परीक्षा आणली आणि काही वर्षांत सोडूनही दिली. माझ्या मते शिकवणीवरचा तोडगा प्रश्नपत्रिकेत शोधणेच चूक आहे. जागा कमी आणि रेघ एकच असेल, तर रेघेच्या आसपासच्या दोन-चार गुणांसाठी पैसा ओतला जाणारच. अलीकडे अनेक शाळांनी गरीब मुलांना थोड्या कमी गुणांवर प्राधान्य देण्याचे नियम केले आहेत. त्यांत खरे काम करते ते एवढेच, की या नियमांनी बाकांची वाटणी बदलली.

तेव्हा तिकडे राहणाऱ्या वाचकांनी ‘किती टक्के पास झाले’ हे विचारणे सोडावे. गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर आणि शाळेपासून किती अंतरावर थांबला, ते विचारावे. बऱ्याच शाळा हे आकडे प्रसिद्ध करतात. निकाल ऑक्टोबरात लागतो, अर्जाची मुदत 31 ऑक्टोबरला संपते. त्या अर्जावर परीक्षेविना मिळणारी, घराजवळची एक तरी शाळा जरूर लिहा. ती लिहिली नाही आणि वरची एकही मिळाली नाही, तर जिथे बाक रिकामे उरले असेल तिथे मुलाला पाठवतात.