शाळेतला दिवा आणि लिथियमचा सेल

नेरळहून कळंबकडे निघाले की वाटेत पोशीर लागते. पावसाळ्यात या पट्ट्यात एखादे झाड तारांवर पडले की वीज जाते, ती कधी येईल हे सांगता येत नाही. त्यामुळे इथल्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी काय करणार असे विचारले, तर 'अभ्यासाचा दिवा' हे उत्तर हमखास येते. पूर्वी अशा दिव्यात पेन्सिल सेल असत, नाहीतर मोटारसायकलची जुनी बॅटरी. आता मुले जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले लिथियमचे सेल घेऊन येतात.

अशाच एका तयारीच्या वेळी आम्ही मदतीला बसलो होतो. एका मुलाने खिशातून दोन सेल काढले. एकाचे प्लास्टिकचे वेष्टण फाटले होते, आणि त्याच खिशात सायकलची किल्ली होती. झाले काही नाही. पण किल्ली सेलच्या दोन्ही टोकांना टेकली असती तर तिच्यातून कित्येक अँपिअर प्रवाह वाहिला असता आणि खिसा पेटला असता. सेल जप्त करून प्रश्न सुटणार नव्हता, कारण उद्या दुसरा कोणी आणणारच. तेव्हा या सेलचा स्वभाव मुलांबरोबर समजून घ्यावा, असे आम्ही ठरवले.

लिथियमच्या सेलमध्ये एका बाजूला ग्राफाइटचा थर असतो आणि दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूच्या ऑक्साइडचा. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, आणि सेल वापरताना परत येतात. कोबाल्ट ऑक्साइडचा हा उपयोग जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये दाखवला. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी त्याआधी, १९७० च्या दशकात, पाया घातला होता. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ऋण बाजूला कार्बनयुक्त पदार्थ वापरून सेल सुरक्षित केला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता महत्त्वाचा प्रश्न. मोटारसायकलची बॅटरी थोडी जास्त वेळ चार्जिंगला राहिली तर फारसे बिघडत नाही. मग लिथियमच्या सेलचे का बिघडते?

शिशाच्या बॅटरीत पाणी असते. बॅटरी भरल्यावरही प्रवाह चालू राहिला तर जादा ऊर्जा पाण्याचे विघटन करण्यात खर्च होते. म्हणून तर तिच्यात अधूनमधून शुद्ध पाणी घालावे लागते. निकेल-कॅडमियमच्या सेलमध्ये असा निघालेला ऑक्सिजन आतच शोषला जातो, सेल फक्त गरम होतो. म्हणजे या दोन्हींमध्ये जादा प्रवाहाला एक वाट ठेवलेली आहे. लिथियमच्या सेलमध्ये पाणी चालतच नाही, तिथे कार्बनी द्रावक असतो. त्यामुळे ती वाटही नाही. ग्राफाइटमधली जागा भरली की जादा लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचू लागतो. पलीकडचा ऑक्साइड अस्थिर होऊन ऑक्सिजन सोडू लागतो. द्रावक ज्वलनशील असल्यामुळे पुढे काय होईल ते सांगायला नको.

अति रिकामा करणेही तितकेच वाईट. विभवांतर फार खाली गेले की आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्या ठिकाणी साचते आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल 'जिवंत' करण्याच्या फंदात पडू नये.

सारांश असा, की नेहमीच्या लिथियम सेलला वर ४.२ व्होल्ट आणि खाली ३ व्होल्टच्या आसपास अशा दोन मर्यादा आहेत. त्या सेल स्वतः सांभाळत नाही, बाहेरच्या मंडलाने सांभाळायच्या असतात. म्हणून चार्जिंगचे आणि संरक्षणाचे मंडल ही सेलची जोडवस्तू न मानता सेलचाच भाग मानावे. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरच्या तारा थेट सेलला जोडणे म्हणजे वरची मर्यादा उघडी टाकणे.

हे काम करणारी टीपी ४०५६ या चिपची छोटी पट्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते. नळाखाली हंडा भरताना आपण आधी नळ पूर्ण सोडतो आणि काठाशी पाणी आले की धार बारीक करतो. ही चिप तेच करते. आधी ठरलेला प्रवाह देते, ४.२ व्होल्ट झाले की विभवांतर तिथेच धरून प्रवाह कमी होऊ देते, आणि प्रवाह एक दशांशावर आला की चार्जिंग थांबवते. बहुतेक पट्ट्यांवर १.२ किलोओहमचा रोधक असतो, त्याने १ अँपिअर प्रवाह मिळतो. जुन्या सेलसाठी २.४ किलोओहमचा रोधक लावून प्रवाह निम्मा करणे बरे. पट्टी घेताना संरक्षण मंडल असलेलीच घ्यावी. तिच्यावर सेलसाठी दोन आणि दिव्यासाठी दोन वेगळी टोके असतात. दिवा सेलच्या टोकांना जोडला तर खालच्या मर्यादेचे संरक्षण मिळत नाही. मुलांची चूक बहुधा इथेच होते.

लॅपटॉपमधल्या सेलचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. त्याच्यावर २२०० मिलिअँपिअर-तास असा आकडा असला, तरी जुन्या सेलमध्ये तेवढी धारकता उरलेली नसते. ती मुलांना मोजता येते. सेल पूर्ण चार्ज करा. शाळा भरताना त्याला १० ओहम, ५ वॅटचा रोधक जोडून फरशीवर ठेवा, रोधक गरम होतो. दर पंधरा मिनिटांनी विभवांतर वहीत लिहा आणि ३ व्होल्ट झाले की रोधक काढा. सरासरी ३.७ व्होल्ट धरले तर प्रवाह ०.३७ अँपिअर. सहा तास लागले तर धारकता सुमारे २.२ अँपिअर-तास, तीनच तास लागले तर निम्मी. नोंदींचा आलेख काढला की मधला जवळजवळ सपाट भाग आणि शेवटचा उतार दोन्ही दिसतात.

दिव्यासाठी १ वॅटचा पांढरा एलईडी घ्या. त्याला सुमारे ३.१ व्होल्ट लागतात. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे १.१ व्होल्ट रोधकावर जायला हवेत. ३.३ ओहमचा रोधक लावला तर प्रवाह ०.३३ अँपिअर होतो. सेल उतरेल तसा प्रकाश मंद होतो, पण बऱ्या सेलवर दोन संध्याकाळचा अभ्यास निघतो. एलईडीच्या पाठीला अॅल्युमिनियमचा तुकडा लावावा.

'एकापेक्षा तीन सेल बरे,' असे मुले म्हणतात. तीन सेल एकसरीत जोडले तर चार्जरला फक्त १२.६ व्होल्ट ही बेरीज दिसते. पण ती ४.१, ४.१ आणि ४.४ अशीही होऊ शकते, आणि त्यातला तिसरा सेल धोक्यात असतो. म्हणून अशा पॅकला प्रत्येक सेलवर नजर ठेवणारे, समतोल राखणारे मंडल लागते. समांतर जोडणीत ४.२ आणि ३.४ व्होल्टचे सेल एकत्र आणले आणि एकूण रोध ०.१ ओहम असला, तर क्षणात ८ अँपिअर प्रवाह वाहतो. शाळेत एका दिव्याला एकच सेल हा नियम ठेवावा. तीन सेल असतील तर तीन दिवे करावेत.

आणखी काही पथ्ये. सेलला थेट सोल्डर करू नये, होल्डर वापरावा. सेलचे सगळे कवच ऋण टोक असते, आणि धन टोकाच्या कडेपासून ते जेमतेम मिलिमीटरभर दूर असते. म्हणून वेष्टण फाटलेला सेल वापरू नये. उन्हाळ्यात पत्र्याखाली, ४५ अंश सेल्सियसच्या वर, चार्जिंग करू नये. मे महिन्याच्या सुट्टीआधी सेल अर्धा भरून, होल्डरमधून काढून ठेवावा. चार्जिंग फरशीवर आणि कोणीतरी समोर असतानाच करावे. सेल फुगला, सुसू आवाज आला किंवा धूर निघाला तर त्याला हात लावू नये. मुलांना आधी बाहेर काढावे, कारण तो धूर विषारी असतो. नंतर सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी मारता आले तर सेल थंड होतो. निकामी सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून तो संकलन केंद्रात द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे.

पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्री. शे. कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची पद्धत रुजवली. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या प्रकल्पात गावातल्याच माणसांनी दिवे जोडले आणि दुरुस्त केले. तेव्हा ही कामे खेड्यातल्या शाळेला झेपणारी आहेत.

त्या मुलाने पुढे फाटक्या वेष्टणाचा सेल बाजूला काढला आणि दुसरा मोजला. पावणेचार तास भरले. त्याने स्वतःच गुणाकार केला, सुमारे १.४ अँपिअर-तास. आपल्या वर्गातही सुरुवात दिव्यापासून न करता या मोजणीपासून करून पाहा.