निरोप पोहोचतो, ज्ञान पोहोचते काय?

औद्योगिक वसाहत म्हटली की यंत्रे, भट्ट्या आणि मालमोटारींच्या रांगा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु कारखानदारी जितकी लोखंडावर चालते तितकीच ती निरोपावर चालते, याचा सहसा विसर पडतो. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. आणि पुढील काळात भोसरीपासून चाकणपर्यंत मोठ्या मोटार कारखान्यांभोवती लहान पुरवठादारांचे जाळे विणले गेले. गोदामात माल साठवून ठेवणे या व्यवस्थेला परवडत नाही. सुटा भाग नेमक्या वेळी यावा लागतो. भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये डाय तुटल्याचा निरोप चाकणला उशिरा पोहोचला, तर असेंब्ली लाइनवरील हात रिकामे बसतात.

हा निरोप पूर्वी चिठ्ठीने, धाडलेल्या माणसाने किंवा दूरध्वनीने जात असे. आज तो संगणकावरून आणि मोबाईलवरील गटांतून जातो. या नव्या साधनांचा प्रसार दोन वाटांनी झाला. मोठ्या कंपन्यांनी आपल्या संगणकीय प्रणाली पुरवठादारांवर बंधनकारक केल्या. ती वाट वरून खाली आली. व्हॉट्सॲपची वाट मात्र उलट होती. अमेरिकेत २००९ साली निघालेले हे साधन येथील शेडमध्ये कोणत्याही परिपत्रकावाचून शिरले. भागाला गेलेली चीर शब्दांत सांगण्यापेक्षा तिचे छायाचित्र धाडणे सोपे. ज्याला लिहिण्याचा कंटाळा तो बोलून निरोप देतो, तोही आपल्या मराठीत वा हिंदीत. वापरणाऱ्याचे श्रम ज्याने वाचतात ते साधन आपोआप रुजते, हा अर्थशास्त्राचा साधा धडा येथे पुन्हा गिरवला गेला.

ओघ आणि साठा

तथापि निरोप म्हणजे ज्ञान नव्हे. निरोप हा ओघ आहे, ज्ञान हा साठा आहे. सकाळी लेथच्या सेटिंगमधील दोष कोणी शोधून काढला, तर त्याचा उपाय संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या आणि हजेरीच्या निरोपांखाली गाडला जातो. सहा महिन्यांनी तोच दोष पुन्हा उद्भवतो आणि शोधही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

उपयुक्त माहिती कोणा एकाजवळ नसून असंख्य माणसांत विखुरलेली असते, हे हायेक यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले. ती गोळा करण्याचे एक साधन वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये ‘विकी’च्या रूपाने उपलब्ध केले. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, ही त्यामागील कल्पना. परस्परांना न ओळखणारी माणसे अशा रीतीने साठा उभारू शकतात, हे २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने आपल्याच भाषेत सिद्ध केले आहे. मग रोज एका छपराखाली वावरणाऱ्या माणसांना ते का साधू नये?

विचारण्याची किंमत

याचे उत्तर तंत्रात नाही, अधिकाराच्या उतरंडीत आहे. ज्या गटात साहेब आहेत, त्या गटात आपली चूक लिहून ठेवणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणे, असे कामगाराला वाटते. सबब तेथे ‘ओके सर’ एवढेच उमटते आणि खरी चर्चा साहेबांविना चालणाऱ्या दुसऱ्या गटात होते. विद्यार्थ्यांचेही तेच. २०२० च्या टाळेबंदीत शाळा, महाविद्यालये आणि आयटीआय पडद्यावर आली. शिक्षकांनी टिपणे धाडली, विद्यार्थ्यांनी हात जोडल्याची चित्रे धाडली. अडलेले गणित मात्र मित्रांच्या निराळ्या गटातच विचारले गेले. घरात मोबाईल एक आणि शिकणारी मुले दोन, ही अडचण होतीच. परंतु मोबाईल हाती आल्यावरही अज्ञान उघडे पडण्याची भीती उरलीच.

जपानमध्ये १९६२ पासून रुजलेली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात आलेली ‘क्वालिटी सर्कल’ची चळवळ येथे आठवते. कामगारांनी नियमित एकत्र बसून कामातील दोष शोधावेत, ही तिची रीत. त्यासाठी फळा आणि खडू पुरत असे. परंतु वेळ लागे आणि दोष दाखवणाऱ्याला दोषी न धरण्याची हमी लागे. आज फळ्याची जागा पडद्याने घेतली आहे. वेळ आणि हमी यांना मात्र पर्याय सापडलेला नाही.

वाटणी कोणाची?

याहून नाजूक प्रश्न वाटणीचा आहे. कंत्राटी कामगार वा शिकाऊ उमेदवार आपली हातोटी गटात सांगतो. मुदत संपली की त्याचे नाव गटातून निघते. हातोटी तेथेच राहते. ज्याचा उद्या नक्की नाही, त्याने आजची विद्या मोफत का द्यावी? शिवाय पाळी संपल्यावरही गट संपत नाही. कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क मिळावा, म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. या वेळेचे मोल कोठल्याच हजेरीपटावर चढत नाही.

तेव्हा कारखान्यांनी आणि महाविद्यालयांनी नवे साधन आणण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. लिहिण्यासाठी पाळीतलाच वेळ द्यावा. उपाय सांगणाऱ्याचे नाव त्या उपायाबरोबर टिकवावे आणि कामगार जाताना त्याच्या प्रमाणपत्रात त्याची नोंद करावी. प्रश्न विचारल्याबद्दल कोणालाही शिक्षा होऊ नये. यांपैकी एकीलाही फारसा पैसा लागत नाही. ‘मला हे जमले नाही’ असे एखादा शिकाऊ उमेदवार साहेबांसमक्ष गटात निर्धास्तपणे लिहू शकेल, त्या दिवशी हे साधन रुजले असे समजावे. तोवर निरोप तेवढे पोहोचत राहतील.