रूप आणि प्रकृती : कूपे व खरी स्पोर्ट्स कार

आमच्या कँटीनमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर यंदा परीक्षेपेक्षा मोटारींचीच चर्चा अधिक झाली. वादाचा मुद्दा साधा होता. दोन दारांची, बुटकी, उतरत्या छपराची गाडी दिसली की आपण तिला ‘स्पोर्ट्स कार’ म्हणून मोकळे होतो. ते बरोबर आहे काय? आणि तशी गाडी रोजच्या वापराला चालेल काय? कला शाखेच्या विद्यार्थ्याने या फंदात कशाला पडावे, असे कोणी विचारील. परंतु रूप आणि प्रकृती यांतला फरक ओळखणे, हाच तर आमच्या अभ्यासाचा विषय!

प्रथम शब्द पाहू. ‘कूपे’ हा शब्द फ्रेंच, अर्थ ‘कापलेली’. समोरासमोर बैठका असलेल्या घोडागाडीची पुढची बैठक कापून जी आखूड गाडी बनवीत, तिचे हे नाव. मोटारींतही बहुधा तेच घडते. घरगुती गाडीचाच सांगाडा घ्यायचा, दारे दोन ठेवायची, छप्पर उतरते करायचे आणि इंजिन जरा जोरकस बसवायचे. खऱ्या स्पोर्ट्स कारचे तसे नसते. कागदावर पहिली रेघ ओढतानाच तिथे चालक डोळ्यांपुढे असतो. बाकीचे सारे नंतर.

हा फरक समजून घ्यायला जपानच्या टोयोटा कंपनीने जणू प्रयोगच करून ठेवला आहे. १९८३ साली तिने कोरोला लेव्हिन व स्प्रिंटर ट्रुएनो ही जुळी कूपे काढली. शौकीन मंडळी त्यांना ‘एई-८६’ या क्रमांकानेच ओळखतात. १९८४ साली ‘एमआर-२’ ही दोन आसनांची गाडी आली. दोहोंतही १५८७ घनसेंटिमीटरचे, सोळा झडपांचे ‘४ए-जीई’ इंजिन मिळे. इंजिन एकच, मग फरक कशात? तर ते ठेवले कुठे, यात!

कूपेमध्ये इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मागचा आस जुन्या पद्धतीचा, अखंड. मागे दोघांपुरती आखूड बैठक. मागून उघडणाऱ्या गाडीत ती दुमडली की सामानाला ऐसपैस जागा. एमआर-२ मध्ये मात्र पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कोरोलाचे इंजिन व गिअरबॉक्स उचलून आसनांच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या जरा पुढे, आडवे बसविले आहेत. चारही चाकांचे झोके स्वतंत्र आहेत. पेट्रोलची टाकीसुद्धा दोन आसनांमधल्या उंचवट्यात, म्हणजे गाडीच्या मध्यावर.

हा खटाटोप कशासाठी? खांद्यावर कावड घेऊन गर्रकन वळून पाहावे. घागरी टोकांना असतील तर कावड लवकर वळत नाही, आणि वळलीच तर लवकर थांबत नाही. त्याच घागरी खांद्याजवळ सरकवल्या की वळणे सोपे. वजन मध्याजवळ असलेली गाडी अशीच चटकन वळते.

परंतु जे चटकन वळते ते नको तितकेही चटकन वळते. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला की भार पुढे झुकतो, मागच्या चाकांची पकड सैल होते आणि इंजिनामुळे जड असलेली मागची बाजू बाहेर फेकली जाऊ शकते. रस्ता ओला असेल तर धोका आणखी वाढतो. कूपेही घसरते, पण ती सहसा आधी सूचना देते आणि सावरायला थोडा अवधीही देते. रोज संध्याकाळी दमून घरी परतणाऱ्या माणसाला हा अवधी मोलाचा असतो.

बाकीच्या गोष्टी लहान, पण रोजच्या. एमआर-२ मध्ये सामानाला एक खण इंजिनामागे आणि एक पुढे; पुढच्या खणात जादा चाकच बसलेले. इंजिनाचा आवाज थेट पाठीशी. दुरुस्तीसाठी मिस्त्रीला लहानशा झाकणातून हात घालावा लागतो. आणि तिसरा माणूस आला, तर त्याने बसायचे कुठे?

तरीही तिच्यावर अन्याय नको. तिच्या नावाचा अर्थ ‘मध्यभागी इंजिन असलेली, दोन आसनांची, जवळच्या फेऱ्यांची गाडी’ असा आहे. १९७६ साली ही कल्पना निघाली, तीही चालवायला मजा येईल अशा काटकसरी गाडीची! एकट्याने राहणाऱ्या, सावध हाताच्या माणसाला ती रोजही पुरेल.

गंमत म्हणजे कीर्ती अधिक मिळाली ती कूपेला. शुइची शिगेनो यांच्या १९९५ साली सुरू झालेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथेचा नायक पहाटे घाटातून टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, पोचवतो. त्याची गाडी कोणती? ट्रुएनो एई-८६! घाटातला पराक्रम आणि दुकानाची कामे एकाच गाडीने करायची, तर मागे माल ठेवायला जागा हवीच.

तेव्हा माझा निकाल असा : रोजच्या वापराला कूपेच बरी. स्पोर्ट्स कार ही चालकाशी एकनिष्ठ असते. त्याबदली ती त्याचे अखंड लक्ष मागते आणि त्याच्या गणगोताला दाराबाहेर ठेवते. मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी गाडी घेईल तेव्हा ‘ही किती वेगाने जाते?’ हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याआधी ‘आपल्याबरोबर हिच्यात कोण कोण बसणार?’ हे स्वतःला विचारावे. पुष्कळसा वाद तिथेच मिटेल.