तान्ह्या छातीचा ईसीजी

ईसीजी म्हटलं की भोर-वेल्ह्याकडे डोळ्यांपुढे येतो तो छातीत कळ आलेला पन्नाशीचा माणूस. अडीच महिन्यांच्या बाळाचा ईसीजी काढायचा म्हटलं की घरचे बिचकतात. एवढ्याशा जिवाला कसला हार्ट अटॅक? पण येतो. साधारण 3 लाख जन्मांत एखाद्या बाळाची डावी हृदयधमनी महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतून निघालेली असते. बोस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गारलँड या डॉक्टरांनी 1933 साली अशा बाळाचं वर्णन केलं.

जन्मतः काही कळत नाही, कारण फुप्फुसधमनीतला दाब तेव्हा जास्त असतो. काही आठवड्यांत तो उतरतो आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याचं रक्त तुटतं. बाळ दूध ओढताना घामाघूम होतं, पांढरं पडतं, कळवळून रडतं. घरात तो पोटदुखीचा त्रास ठरतो आणि हिंग लावणं सुरू होतं.

ईसीजी काढताना मोठ्यांसाठीचे रबरी फुगे तळहाताएवढ्या छातीवर मावत नाहीत. जेल पसरलं की शेजारच्या लीड एकमेकींत मिसळतात. त्यामुळे छोटी इलेक्ट्रोड हवीत, आणि बाळ आईजवळ झोपलेलं बरं. पट्टी हाती आली की आधी एव्हीएल ही लीड पाहावी. ठोक्याच्या सुरुवातीला खाली उतरणारी क्यू लाट तिथे 3 छोट्या चौकोनांहून खोल असेल, शिवाय रुंदही असेल, लीड एक आणि व्ही-सहामध्येही तसंच असेल, ठोक्याच्या शेवटची टी लाट उलटी असेल, तर पुण्याला एकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, पाठवायला उशीर नको. लीड तीनमधली खोल क्यू मात्र तान्ह्यांत नेहमीचीच. तिला घाबरू नये. हृदयस्नायूला सूज आली तरी चित्र असंच दिसू शकतं, तो निवाडा एको करतो. मशीनने स्वतः छापलेल्या निदानावर, त्यात बाळाचं वय भरलं नसेल तर, मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आशाताईंची नवजात बाळाची घरभेट 42 व्या दिवशी संपते, पुढची तिसऱ्या महिन्यात. हे दुखणं बहुधा नेमकं त्या फटीत डोकं काढतं. मधे बाळ दिसतं ते लसीच्या दिवशी: दीड महिन्याला, अडीच महिन्यांना. भाटघरच्या पाण्यापलीकडून किंवा तोरण्याच्या पायथ्याहून पुणं गाठायचं तर दिवस मोडतो. तेव्हा सुई टोचण्याआधी सिस्टरने एवढंच विचारावं, "पिताना घाम येतो का गं याला?"

उपचार नाही झाले तर बहुतेक बाळं वर्ष काढत नाहीत. शस्त्रक्रियेत धमनी महाधमनीला जोडली की डावा कप्पा बहुधा काही महिन्यांत सावरतो. क्यू मात्र सावकाश उथळ होते, काहींची राहतेच. पुढच्या तुलनेसाठी पहिली पट्टी लागते. तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढून फाइलला लावावी, थर्मल कागदावरची छपाई उडते.